संसारी धर्मगुरू आणि सेवेतील धर्मगुरू : संवादाची वाट

महोत्सवाच्या या स्मरणिकेत न्यासाचा इतिहास, वसतिगृहाचा हिशेब आणि दिवंगत विश्वस्तांची चरित्रे यावयाची, हे उघडच होते. अशा अंकात कॅथॉलिक धर्मगुरूंच्या लग्नाचा प्रश्न कशासाठी, असे संपादक मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारले. विचारणे रास्तच होते. आपल्या सभासदांत कॅथॉलिक कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. परंतु ज्याने व्रत घेतले आणि पुढे सोडले, त्याच्याशी व्रत पाळणाऱ्याने कसे बोलावे, हा प्रश्न एकट्या कॅथॉलिकांचा नाही. तो आपल्याही घरात येऊन गेला आहे, आणि आपण तो फारसा चांगल्या रीतीने सोडविला, असे म्हणवत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्या भागातील जुन्या माणसांना पाद्री म्हटले की पाद्रीसाहेब, त्यांची बायको आणि मुलेबाळे असे सगळे घर डोळ्यांपुढे येते. याचे कारण छिंदवाडा. तेथे एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या लुथरन मिशनने ठाणे केले, आणि मध्यप्रदेशातील लुथरन मंडळीचे मुख्य स्थान आजही तेच आहे. लुथरन पाद्री लग्न करतात. त्यात कोणास वावगे वाटत नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसरही त्यात आले, तोपर्यंत आपला सारा सरकारी व्यवहार छिंदवाड्याशीच होता. त्यामुळे पाद्र्याविषयीची आपली कल्पनाही तिकडूनच आली. कॅथॉलिक धर्मगुरूंची गोष्ट निराळी आहे. नागपूरची सेमिनरी हिल्स आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मुलांना घेऊन बालोद्यानात जाणाऱ्या किती जणांनी त्या टेकडीच्या नावाचा विचार केला असेल, कोण जाणे! सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडविण्याची पाठशाळा. तेथे तरुण मुले कित्येक वर्षे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकतात आणि शेवटी दीक्षा घेताना आजन्म अविवाहित राहण्याचे वचन देतात.

हे वचन ईश्वरी आज्ञा म्हणून नव्हे, तर चर्चची शिस्त म्हणून घेतले जाते. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर पुढील सर्व चर्चा व्यर्थ ठरते. येशूचा पट्टशिष्य पेत्र विवाहित होता. त्याच्या सासूचा ताप येशूने घालविल्याची कथा शुभवर्तमानातच आहे. पहिली कित्येक शतके विवाहित धर्मगुरू सर्वत्र होते. पुढे पश्चिमेकडील लॅटिन चर्चमध्ये नियम कडक होत गेले. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षित धर्मगुरूचा विवाह विवाहच नव्हे, असे ठरविले. १५६३ मध्ये ट्रेंट येथील परिषदेने तोच निर्णय पक्का केला आणि सेमिनरी काढण्याची आज्ञाही त्याच वर्षी दिली. पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र विवाहित पुरुषास धर्मगुरू होता येते. दीक्षेनंतर लग्न करता येत नाही, आणि बिशप अविवाहितांतूनच निवडतात, एवढाच निर्बंध. यांतील कित्येक पौर्वात्य चर्चेस पोपची सत्ता मानणाऱ्या, म्हणजे पूर्णपणे कॅथॉलिकच आहेत.

हे दूरदेशीचे वाटेल, पण त्याचा एक धागा थेट गोव्यातून जातो. केरळातील थोमाप्रणीत ख्रिस्ती समाजात धर्मगुरू लग्न करीत असत. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस केरळात गेले आणि त्यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली. तिच्या ठरावांनी तेथील धर्मगुरूंवर ब्रह्मचर्याचा नियम घातला. विवाहितांनी पत्नीपासून वेगळे झाल्याखेरीज पौरोहित्य करू नये, असे फर्मान निघाले. त्या दिवशी ज्या स्त्रिया धर्मगुरूंच्या पत्नी म्हणून सन्मानाने वावरत होत्या, त्या दुसऱ्या दिवशी अडचण झाल्या. पुढे १६५३ मध्ये त्या समाजातील मोठ्या संख्येने लोकांनी पोर्तुगीज धर्मसत्ता झुगारली. त्याची कारणे अनेक होती. परंतु वरून आलेला हुकूम आणि समोरासमोर न झालेले बोलणे, ही त्यांतील मोठी होती, असे आम्हांस वाटते. आज बल्लारपूरकडे गेलेल्या सभासदांना चांदा धर्मप्रांताची चर्चेस ठाऊक असतील. १९६२ मध्ये निघालेला हा धर्मप्रांत केरळच्याच सिरो-मलबार परंपरेचा आहे. परंपरा पौर्वात्य, तरी तेथील धर्मगुरू अविवाहितच. उलट, १९३० साली मार इव्हानिओस यांच्या नेतृत्वाखाली केरळातील दुसरा एक गट रोमशी पुन्हा एकत्र आला, तेव्हा त्याच्या विवाहित धर्मगुरूंना आपल्या संसारासह स्वीकारण्यात आले. एकाच राज्यात, एकाच पोपच्या छत्राखाली, दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

गोव्यातीलच आणखी एक घराणे या संदर्भात आठवते. संमोहनविद्येचे आद्य संशोधक आबे फारिया यांचा पुतळा पणजीत सर्वांनी पाहिलेला असतो. हात पुढे करून उभे राहिलेले धर्मगुरू आणि त्यांच्या पुढ्यात कोसळणारी स्त्री. त्यांचे वडील कायतान व्हितोरिन द फारिया हे तरुणपणी धर्मगुरू होण्याच्या मार्गावर होते. प्राथमिक पदेही त्यांनी घेतली होती. ती वाट सोडून त्यांनी रोझा मारिया द सौझा यांच्याशी विवाह केला. १७५६ मध्ये कांदोळी येथे मुलगा झाला. काही वर्षांनी पतिपत्नींचे पटेनासे झाले. तेव्हा चर्चने दोघांना मोकळीक दिली. रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या, आणि कायतान यांनी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करून दीक्षा घेतली. मुलास बरोबर घेऊन ते १७७१ मध्ये लिस्बनला गेले, पुढे रोमला गेले. मुलगाही धर्मगुरू झाला. म्हणजे संसाराकडून पौरोहित्याकडे जाण्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वी चर्चला वाट काढता आली. याच कायतान फारियांचे नाव १७८७ च्या पिंटोंच्या उठावाशी जोडले गेले. गोमंतकीय धर्मगुरूंना विद्वत्ता असूनही वरची पदे दिली जात नाहीत, ही त्या उठावामागील एक चीड होती. चर्चमधील सुधारणेची मागणी आपल्या बाजूलाही काही आजची नाही.

आता उलट वाट पाहू. दीक्षित धर्मगुरूने पौरोहित्याकडून संसाराकडे यावयाचे म्हटले, तर काय होते?

चर्चच्या कायद्याची १९८३ ची संहिता यासंबंधी जे सांगते ते मोठे विलक्षण आहे. एकदा विधिवत मिळालेली दीक्षा कधीही रद्द होत नाही, असे तिचे २९० वे कलम म्हणते. म्हणजे माणूस धर्मगुरू राहतोच; केवळ धर्मगुरूचे काम करण्याचा अधिकार आणि त्या पदाची कर्तव्ये काढून घेतली जातात. पण एवढ्याने ब्रह्मचर्याचे बंधन सुटत नाही. ती सूट एकटे पोपच देऊ शकतात, असे पुढचे कलम सांगते. सूट मागणाऱ्याने अर्ज करावयाचा, आपल्या आयुष्याची कैफियत लिहावयाची, आणि रोमच्या उत्तराची वाट पाहत बसावयाचे. सूट मिळालीच, तर तिच्या पत्राबरोबर अटी येत आल्या आहेत. मिस्सा अर्पण करू नये. प्रवचन करू नये. सेमिनरीत शिकवू नये. आपण पूर्वी कोण होतो हे जेथे लोकांना माहीत आहे, तेथे शक्यतो राहू नये. विवाह थाटमाट न करता, गाजावाजा न होऊ देता उरकावा.

गाजावाजा न करता! आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँड नसला तर सोयरे रुसतात. वधूच्या आईने त्या दिवशी काय वाटून घ्यावयाचे?

याच संहितेत ९७६ वे कलम आहे. समोरचा मनुष्य मरणाच्या दारी असेल, तर कोणताही धर्मगुरू, मग त्याचे अधिकार काढून घेतलेले का असेनात, त्याचे पापनिवेदन ऐकून त्यास क्षमा देऊ शकतो. आयुष्यभर ज्यास वेदीजवळ येऊ दिले नाही, त्यास अखेरच्या घटकेला बोलावता येते. हे कलम आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहिले आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावी एक गणिताचे शिक्षक आले. मितभाषी गृहस्थ, सोबत पत्नी व एक लहान मुलगी. संध्याकाळी शिकवणी घेत. मुलांना मार नाही, रागे भरणे नाही. ते पूर्वी कोठे होते, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्टेशन असल्याने रेल्वेची माणसे येथे येत-जात असतात. त्यांतील एक वृद्ध ख्रिस्ती कर्मचारी पावसाळ्यात अत्यवस्थ झाला. नदीनाल्यांना पूर होता, फादर येऊ शकत नव्हते, आणि म्हाताऱ्याचा जीव त्यांच्यासाठी अडकला होता. तेव्हा हे गणिताचे मास्तर उठले आणि त्या घरी गेले. "मी आत जातो. दार लोटून घ्या," एवढेच म्हणाले. अर्ध्या तासाने बाहेर आले. म्हातारा पहाटे गेला, आणि त्याच्या बायकोने सांगितले की, तो शांत होता.

दुसऱ्या दिवशी गावास कळले की, मास्तर म्हणजे लग्न केलेले फादर. येथे आम्हांस थोडी लाज वाटते, तरी लिहितो. तीन-चार घरांनी आपली मुले शिकवणीतून काढली. त्यांत एकही घर कॅथॉलिक नव्हते. ज्याने देवाला दिलेला शब्द पाळला नाही तो आमच्या मुलांना काय शिकविणार, असे एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही.

त्या रात्री आम्हांस आळंदी आठवली. विठ्ठलपंतांची कथा कोणा मराठी माणसास सांगावी लागत नाही. काशीस जाऊन संन्यास घेतलेला हा पुरुष गुरूच्याच आज्ञेने रुक्मिणीबाईंकडे परत आला. चार मुले झाली. ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले. परंपरा सांगते की, मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. आज आपण त्या मुलांच्या पालख्या खांद्यावर घेतो. पण तेव्हाच्या आळंदीत, संन्यासी असताना तुम्हांस काय दिसले, गृहस्थ झाल्यावर काय उमगले, हे विठ्ठलपंतांना कोणी विचारल्याचे त्या कथेत येत नाही. दोन्ही आश्रम आतून पाहिलेला माणूस गावात होता, आणि त्याच्याशी बोलणे बंद होते. कॅथॉलिक धर्मगुरूंपुढे आज असलेला प्रश्न आपल्याला परका का वाटू नये, त्याचे कारण हेच.

असो. चर्चमध्ये या प्रश्नाविषयी बोलणे झालेच नाही, असे नाही. बोलणे झाले, पण कोणाशी, हे पाहण्यासारखे आहे. १९६२ ते १९६५ ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची वर्षे. जगभरचे बिशप जमले होते. लोकभाषेत मिस्सा आली, इतर धर्मांकडे आदराने पाहण्याचे ठरले. ब्रह्मचर्याच्या नियमाचा विषय निघू लागला, तेव्हा ऑक्टोबर १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पत्र लिहून त्यावर जाहीर चर्चा करू नये, ज्यांना काही म्हणावयाचे असेल त्यांनी लेखी कळवावे, अशी इच्छा प्रकट केली. त्याच डिसेंबरात धर्मगुरूंविषयी जो लेख संमत झाला, त्यात ब्रह्मचर्य हे पौरोहित्याच्या स्वरूपातच अनिवार्य नाही, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे, आणि लॅटिन चर्चसाठी नियम कायमही ठेवला आहे. १९६७ मध्ये पोपनी या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढले. १९७१ च्या धर्मसभेत विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी काय, यावर बिशपांची मते घेतली गेली. अपवाद म्हणूनही नको म्हणणारे १०७, पोपना योग्य वाटेल तेथे द्यावी म्हणणारे ८७. या वीस मतांच्या अंतराची आठवण आज फार थोड्यांना आहे.

याच काळात युरोप-अमेरिकेत हजारो धर्मगुरू सेवा सोडून संसारी झाले. १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सूट देण्याचे नियम पुन्हा कडक केले. आणि मौज अशी की, त्याच वर्षी अमेरिकेतील अँग्लिकन परंपरेतून आलेल्या विवाहित पुरोहितांना पत्नी-मुलांसह कॅथॉलिक धर्मगुरू करण्याची सोय झाली; २००९ मध्ये ती सर्व जगासाठी विस्तारली. बाहेरून आलेला विवाहित पुरोहित वेदीवर उभा राहतो आणि घरचा विवाहित धर्मगुरू शेवटच्या बाकावर बसतो. चर्चच्या बाजूने याचे उत्तर दिले जाते, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे : पहिल्याने कोणते वचन मोडले नाही, दुसऱ्याने मोडले. पण शेवटच्या बाकावरील माणसाच्या मुलीस हा भेद कसा समजावून सांगावयाचा?

२०१९ मध्ये ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशासंबंधी रोममध्ये धर्मसभा झाली. तेथे वर्षवर्ष धर्मगुरू न पोचणारी गावे आहेत. विवाहित, प्रौढ, लोकमान्य पुरुषांना दीक्षा द्यावी, या सूचनेस १२८ अनुकूल व ४१ प्रतिकूल मते पडली. पुढील फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी आपले पत्र प्रसिद्ध केले; त्यात या सूचनेचा उल्लेख नव्हता. अनेकांची निराशा झाली, अनेकांना हायसे वाटले. या सर्व सभांत विवाहित माणसांना धर्मगुरू करावे की नाही, यावर खल झाला. जे धर्मगुरू आधीच विवाहित झाले आहेत, ज्यांनी मिस्साही अर्पण केली आहे आणि लेकराच्या आजारपणात रात्रीही जागविल्या आहेत, त्यांना मताचा अधिकार राहो, साक्ष देण्यासही क्वचितच बोलाविले गेले.

असे बोलणे कठीण का जाते, हे समजून घेताना एकाच बाजूस दोष देऊन चालणार नाही. सेवेत राहिलेल्या धर्मगुरूच्या जागी स्वतःस ठेवून पाहावे. सोबती गेला, त्याची गावेही याच्या वाट्यास आली. एकास तीन चर्चेस, दोन शाळा, रविवारी चार मिस्सा. संध्याकाळी घरी आल्यावर बोलावयास कोणी नाही. त्यानेही एकटेपण सोसले आहे आणि शब्द पाळला आहे. गेलेला सोबती सुधारणेच्या गोष्टी करू लागला की, आपल्या पाळलेल्या व्रताचीच कोणी किंमत कमी करीत आहे, असे त्यास वाटते. शिवाय बिशपांची मर्जी, लोकांची कुजबूज आणि असल्या माणसाशी उठबस ठेवल्यास आपल्याही मनात तेच आहे की काय, असा संशय. गेलेल्याची व्यथा निराळी. त्यास तिशी-चाळिशीत शून्यातून पोट भरण्याची विद्या शिकावी लागते. पंधरा वर्षांचे धर्मशास्त्र नोकरीच्या अर्जात कोणत्या रकान्यात लिहावयाचे? त्याची पत्नी बहुधा दोन्हीकडून बोल खाते. आणि जे गुपचूप संबंध ठेवून सेवेत राहिले, त्यांना मान, व आपण उघडपणे लग्न केले म्हणून आपणांस हद्दपारी, ही सल त्याच्या मनातून जात नाही. ही सल अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही.

आपल्या पांढुर्ण्यास ही स्थिती समजावण्यासाठी लांबचा दृष्टान्त नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर आपण उभे राहतो, दुसऱ्या काठावर सावरगावकर, आणि मधल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दगड चालतात. गोटमारीची दंतकथा तरी कशाची आहे? इकडचा मुलगा, तिकडची मुलगी, आणि त्यांच्या लग्नावरून दोन्ही काठांनी उचललेले दगड. वर्षाचे उरलेले दिवस आपण त्याच सावरगावी सोयरीक करतो आणि बाजारहाटही करतो, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

एखादा वडीलधारा माणूस पुढे झाला की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण अर्जेंटिनाचे आहे. तेथील आव्हेयानेदाचे बिशप हेरोनिमो पोदेस्ता यांना १९६७ मध्ये पद सोडावे लागले. पुढे त्यांनी क्लेलिया लुरो यांच्याशी विवाह केला आणि लॅटिन अमेरिकेतील विवाहित धर्मगुरूंची संघटना उभारण्यात पतिपत्नी दोघेही पुढे होती. चर्चने त्यांच्याकडे पाठ फिरविली. २००० साली पोदेस्ता रुग्णालयात मरणपंथास लागले, तेव्हा ब्यूनोस आयरेसचे आर्चबिशप त्यांना भेटावयास गेले. पुढे त्या विधवा बाईंशीही त्यांनी संबंध ठेवला. ते नेमाने दूरध्वनी करीत, असे बाईंनी सांगून ठेवले आहे. हे आर्चबिशप म्हणजेच २०१३ मध्ये पोप झालेले फ्रान्सिस. पोप झाल्यावर ११ नोव्हेंबर २०१६ रोजी ते रोमच्या एका उपनगरात गेले आणि सेवा सोडून संसारी झालेल्या सात जणांच्या कुटुंबांत बसले, मुलांशी बोलले. नियम एकही बदलला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले, तोपर्यंत नियम तसाच होता, आजही तसाच आहे. तरीही ज्या मुलांच्या वडिलांचे नाव चर्चमध्ये हळू आवाजात घेतले जात होते, त्यांच्या घरी पोप जाऊन बसले, ही गोष्ट लहान मानू नये.

मग असे बोलणे प्रत्यक्षात कसे घडवावे? याविषयी आम्ही कॅथॉलिक स्नेह्यांशी पुष्कळ बोललो. आमचे मत असे झाले आहे की, आरंभ ब्रह्मचर्याच्या नियमापासून करूच नये. तो प्रश्न रोमच्या हातचा आहे; त्यावर येथे कितीही भांडले तरी पान हलणार नाही, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही पक्ष आपापल्या काठावर जातील. आरंभ कामापासून करावा. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी चर्चमध्ये जे शिक्षणवर्ग होतात, त्यांत विवाहित धर्मगुरूस व त्यांच्या पत्नीस बोलू देता येईल काय? कोणत्या गावी किती वर्षे राहावयाचे, बदली कशी व्हावी, आजारी आणि वृद्ध धर्मगुरूंची देखभाल कोणी करावी, धर्मग्रामाच्या पैशाचा हिशेब प्रापंचिकांपुढे कसा ठेवावा, सेमिनरीतील मुलास एकटेपणाविषयी खरे काय ते कोणी सांगावे? या प्रश्नांवर दोघांपाशीही सांगण्यासारखे आहे. यांतील बरेचसे बिशपांच्या पातळीवर सुधारता येते. पोपपर्यंत जावे लागत नाही.

बसण्याची रीतही तयार आहे. ऑक्टोबर २०२३ व ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला झालेल्या धर्मसभेत बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्रीपुरुष गोल मेजांभोवती बसले होते. प्रत्येकाने ठरलेला वेळ बोलावयाचे. कोणी मध्ये तोंड घालावयाचे नाही. नंतर सर्वांनी काही वेळ गप्प राहावयाचे. दुसऱ्या फेरीत आपले म्हणणे पुन्हा मांडावयाचे नाही. इतरांच्या बोलण्यातील कोणती गोष्ट मनाला लागली, ते सांगावयाचे. तिसऱ्या फेरीत जमले तर काही ठरवावयाचे. आपल्या न्यासाच्या वार्षिक सभेत ही रीत आणून पाहावी, असा आमचा कित्येक दिवसांचा विचार आहे. अंदाजपत्रकावर दुसरी फेरी कशी होते ते पाहण्यासारखे होईल.

अशा बैठकीस पत्नींना बोलावलेच पाहिजे, असा आमचा आग्रह राहील. धर्मसेवकाच्या आयुष्याविषयी मराठीत सर्वांत खरे पुस्तक कोणी लिहिले? लक्ष्मीबाई टिळकांनी. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट. त्यांची वाट निराळी, हे खरे. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने राहिलेला, राजनांदगावच्या गाडीत भेटलेल्या गोऱ्या प्रवाशामुळे बायबलकडे वळलेला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संसारात असतानाच संन्यस्त वृत्तीने राहू लागला. त्यांची उदारता, त्यांचा धांदरटपणा आणि रिकामा डबा यांचा हिशेब ‘स्मृतिचित्रे’त बाईंनी हसत हसत मांडला आहे. टिळकांच्या लेखणीतून तो उतरला नसता. कॅथॉलिक बाजूस वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे अविवाहित धर्मगुरू मराठीने साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसविले, तेही याच भाषेचे वैभव आहे. एका आयुष्याने दुसऱ्यास खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण दोन्ही साक्षी एका मेजावर आल्या, तरच सुधारणा कशाची करावयाची ते कळेल.

गणिताच्या मास्तरांविषयी थोडे राहिले आहे. त्या पावसाळ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, संत्र्याचा आंबिया बहार उतरविण्याच्या दिवसांत, त्यांच्या दारी एक फादर आले. सेमिनरीत दोघे एका बाकावर होते. कोणा रेल्वेवाल्याच्या विधवेने मिस्सेनंतर त्यांना हकीकत सांगितली होती. आम्ही शेजारी म्हणून चहास बसलो होतो. पहिली काही मिनिटे कोणी काही बोलेना. मग फादर म्हणाले, "तू गेलास तेव्हा मला सांगून का नाही गेलास?" मास्तर म्हणाले, "सांगितले असते तर तुला माझ्यासाठी खोटे बोलावे लागले असते." मास्तरांच्या पत्नी आतून पोहे घेऊन आल्या. फादर उठून उभे राहिले आणि त्यांनी ताट आपल्या हाताने घेतले. पुढे दोन तास बोलणे झाले ते सगळे शाळेच्या गळक्या छपराविषयी, एका वृद्ध धर्मगुरूंच्या गुडघ्यांविषयी, आणि दहावीच्या मुलांना बीजगणित का येत नाही याविषयी.

ते फादर त्यानंतर दरवर्षी येत राहिले. चौथ्या वर्षी त्यांनी आणखी दोघांना बरोबर आणले, आणि मास्तरांनी अमरावतीहून आपल्यासारख्याच एकास सपत्नीक बोलाविले. घर लहान पडू लागले म्हणून मास्तरांनी न्यासाच्या वाचनालयाची मागची खोली एका रविवारपुरती मागितली. विश्वस्तांनी भाडे न घेता दिली. त्या वर्षीच्या इतिवृत्तात तेवढीच नोंद आहे.